परीक्षा घेणारं शहर

ब्रेकबाईंकडे गाडी शिकलेला कुणी भेटला, की गावात त्याला एकच प्रश्न विचारतात: किती वेळा रडलात? बायका खरा आकडा सांगतात. पुरुष म्हणतात, डोळ्यात धूळ गेली होती.

बाई अठ्ठावीस वर्षं एकाच मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवत होत्या. स्कूल म्हणजे रस्त्याकडेचा एक गाळा, आत टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा उन्हाने विटलेला तक्ता आणि बाहेर एक पांढरी छोटी गाडी. शिकवणीच्या गाडीत दोन्ही सीटसमोर ब्रेक आणि क्लच असतात. उजवीकडे शिकणारा, डावीकडे बाई. बाईंच्या पायाखालच्या ब्रेकचं रबर मालकांनी आजवर पाच वेळा बदललं होतं. शिकणाऱ्याच्या ब्रेकचं अजून पहिलंच होतं. नाव पडायला एवढं पुरतं.

स्वभाव असा, की कौतुक करायची वेळ आलीच तर बाई खिडकीबाहेर बघायच्या. मांडीवर कायम एक लाकडी पट्टी. गिअर चुकला की बोटांच्या पेरांवर टकटक. क्लचवर उगाच पाय ठेवून गाडी चालवणाऱ्याला त्या दोनच शब्द ऐकवायच्या, "पाय काढ." ते दोन शब्द ऐकून एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी एकदा दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले होते आणि गाडी थेट फुलवाल्याच्या हातगाडीकडे निघाली होती. थांबवली अर्थात बाईंनीच, हातगाडीच्या चार बोटं अलीकडे.

पहिल्या दिवसाचा धडा मात्र सगळ्यांना सारखाच असायचा. गाडी सुरू करायच्या आधी बाई म्हणायच्या, "नीट ऐक. तू गाडीच्या मधोमध बसलेला नाहीस. तुझ्या डावीकडे अजून एक अख्खं माणूस बसलंय. ते माणूस मी आहे. मला कुठे घासलंस तर याद राख." हे वाक्य इतक्या जणांच्या कानात इतकं खोल गेलं होतं, की गावातले पन्नाशीचे लोक अजूनही अरुंद बोळात शिरताना मनातल्या मनात बाईंना अंग चोरायला सांगतात.

परीक्षेच्या फॉर्मवर शिकवणाऱ्याची सही लागायची. ज्याला गाडी येत नाही असं बाईंचं मत, त्याचा फॉर्म त्या कोराच परत करायच्या. वर म्हणायच्या, "घरी जा." कारण सांगायच्या नाहीत.

असा कोरा फॉर्म चार वेळा परत घेतलेली एक मुलगी बाईंच्या घरातच होती. बाईंनी लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाकडे मागच्या खोलीत राहायच्या. ही त्या भावाची मुलगी, बाईंची भाची. तिला औषधांच्या एका कंपनीत फिरतीची चांगली नोकरी मिळत होती. अट एकच, गाडी चालवता आली पाहिजे. अकरा महिने ती आत्याशेजारी बसून शिकली. चौथ्यांदा फॉर्म परत आला तेव्हा कंपनीने दिलेली मुदत संपायला दोन दिवस होते. "तुझ्या हाताला गाडी नाही," बाई म्हणाल्या, "घरी जा." गंमत अशी, की दोघींचं घर एकच, त्यामुळे दोघी एकमेकींच्या मागेपुढे चालत घरी गेल्या. नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. भाची आता दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते.

पुढे तिने गावाच्या दुसऱ्या टोकाच्या स्कूलमधून बारा दिवसांत लायसन्स काढलं. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंची गाडी आणणं-नेणंही तीच करू लागली. बाई त्या लायसन्सला लाँड्रीची पावती म्हणायच्या. जेवायला सगळे बसले की हमखास म्हणायच्या.

आता बाईंच्या मनातली गोष्ट सांगायला हवी. तीही मनातच ठेवली असती तर बरं झालं असतं.

नऊ वर्षांपूर्वी सिग्नलला शिकवणीची गाडी बंद पडली होती. स्टिअरिंगवरची मुलगी मुसमुसत होती, मागून हॉर्न वाजत होते. तेवढ्यात शेजारी एक पिवळी स्पोर्ट्स कार येऊन थांबली. इतकी बुटकी, की बाईंना तिच्या टपावरून पलीकडचा फुटपाथ दिसत होता. आत पांढऱ्या केसांची एक बाई. तिने यांच्या टपावरची "शिकाऊ" अशी पाटी पाहिली, जराशी हसली आणि दिवा हिरवा होताच निघून गेली. आवाज कितीतरी वेळ मागे राहिला. बाईंच्या डोक्यात मात्र ना तो आवाज बसला, ना तो पिवळा रंग. त्या बाईच्या शेजारची सीट रिकामी होती, ते बसलं. मांडीवर पट्टी नाही, कानाशी रडणं नाही, सीटवर कुणीच नाही. तेव्हापासून बाईंनी ठरवलं होतं, निवृत्त झाल्यावर एक दिवस तशी गाडी भाड्याने घ्यायची आणि शेजारची सीट रिकामी ठेवून चालवायची. आयुष्यात एवढं एकच त्यांनी स्वतःसाठी मागितलं होतं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी, नोकरीचा महिना उरला असताना त्यांनी हे जेवताना जाहीर केलं. भाऊ घास तोंडाशी धरून बघत राहिला.

"वन्सं," भावजय म्हणाली, "शिंगं मोडून वासरांत शिरायचं ठरवलंय वाटतं."

"वासरं मीच शिकवली आहेत," बाई म्हणाल्या.

गावात अशी गाडी कोण ठेवणार? मोठ्या शहरात जाणं भाग होतं, आणि तिथेच खरा घोळ सुरू झाला. चौकशी करता तीन शहरं हाती लागली. बाईंनी वहीच्या तीन पानांवर तीन शहरं लिहिली आणि प्रत्येकाखाली तेच प्रश्न. रस्त्याला गतिरोधक किती, टायर कधीचे, विमा कसा, शेजारी तुमचं माणूस बसतं का, चावी देण्याआधी परीक्षा घेता का. मग खोलीचं दार उघडं ठेवून, घरात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात एकेका ठिकाणी फोन लावला.

पहिलं शहर समुद्रकाठचं. किनाऱ्याने मैलोन्‌मैल सरळ रस्ता. भावजयीला हेच हवं होतं. तिने सगळ्यांनी मिळून जायचं म्हणून मनातल्या मनात बॅगही भरली होती. फोनवरची मुलगी गोड बोलत होती.

"लायसन्स दाखवायचं मॅडम, सही करायची, चावी घ्यायची. बस्स."

"परीक्षा?"

"कसली परीक्षा?"

"मला गाडी येते की नाही ते तुम्हाला कळणार कसं?"

"लायसन्स आहे ना तुमच्याकडे."

"लायसन्स तर माझ्या भाचीकडेही आहे," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. भाची समोरच बसून वाटाणे सोलत होती. तिने हातातली शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले आणि दुसरी घेतली.

दुसरं शहर डोंगरातलं, वळणावळणांचं. तिथे कंपनीचा माणूस सुरक्षेसाठी शेजारी बसणार होता. ते पान बाईंनी फाडूनच टाकलं.

तिसरं शहर कारखान्यांचं. धूर, गोदामं आणि चौकाचौकात ट्रक. हौसेने तिथे कुणी जात नाही. पण तिथल्या कंपनीचा माणूस संथपणे म्हणाला, "आमच्याकडे आधी परीक्षा होते. मैदानावर, साध्या गाडीत. दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे शंकू मांडलेले असतात, त्यांच्या मधून गाडी काढायची. पास झालात तर तीन तास स्पोर्ट्स कार तुमची, शेजारी कुणी नाही. नापास झालात तर चावी मिळत नाही."

"नापास किती होतात?"

"निम्मे तरी."

बाईंचा चेहरा असा फुलला, की भाऊ बघायला आत आला. निम्मे नापास करणारा माणूस जगात अजून एक आहे, हे कळून त्यांना सख्खं माणूस भेटल्यासारखं झालं होतं.

"ताई, अगं समुद्रवाले तशीच चावी देतायत," भाऊ म्हणाला. "आयती मिळतेय तर घ्यावी. आम्हालाही जरा वारा लागेल."

"जे कुणालाही चावी देतात, त्यांची चावी घेऊन मी पण कुणीही व्हायचं का?"

"हात दाखवून अवलक्षण," भावजय स्वयंपाकघरातून म्हणाली.

"परीक्षेला मी भ्यायचं? मी?"

भाचीने वाटाण्यातून मान वर न करता विचारलं, "आत्या, तू स्वतः शेवटची गाडी कधी चालवलीस?"

"रोज चालवते."

बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. स्कूल घरापासून दोन गल्ल्यांवर, त्या चालत जायच्या. संध्याकाळी गाडी मालक घेऊन जायचे. शिकणारा नसताना पेट्रोल जाळायचं नाही, हा मालकांचा नियम. सकाळी दार उघडून बाई डावीकडे बसायच्या ते दुपारी उतरायच्या, पुन्हा चारला बसायच्या. अठ्ठावीस वर्षं. दर वेळी लायसन्सची मुदत वाढवली ती कागदावर. जे जगाला दिसत होतं, ते त्यांना डाव्या सीटवरून दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

भाऊ काही त्यांना एकटीला सोडेना, म्हणून भाची सोबत निघाली. भाड्याच्या फॉर्ममध्ये "दुसरा चालक" असा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना. "घाल तुझं नाव," बाई म्हणाल्या, "चालवायची वेळ थोडीच येणार आहे."

कारखान्यांच्या शहरात सकाळी नऊला दोघी मैदानावर पोचल्या. चारी बाजूंना पत्र्याचं कुंपण, मध्ये डांबरी पट्टा, त्यावर केशरी शंकूंच्या दोन रांगा, सात डावीकडे, सात उजवीकडे. कुंपणाजवळ शेडमध्ये ती गाडी उभी होती. पिवळी नव्हती, गडद लाल होती, पण तितकीच बुटकी. बाई तिच्याजवळ गेल्या, काचेतून वाकून त्यांनी डावीकडची सीट पाहिली. काळी, अरुंद, रिकामी. बाई हसल्या. भाचीने आत्याला असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. क्षणभर तिला आत्याची मायाच आली.

परीक्षा घेणारा माणूस पन्नाशीचा, बारीक आवाजाचा, हातात कागद लावलेली पाटी आणि पेन्सिल. परीक्षेची गाडी पांढरी, छोटी. बाई शिकवत होत्या हुबेहूब तीच, फक्त डावीकडे ब्रेक नसलेली. बाईंना वाटलं, ही तर माझ्याच घरची भाकरी. त्या सवयीने डावं दार उघडून बसल्या. त्या माणसाने उजवीकडे बोट दाखवलं. बाई उतरल्या, वळसा घालून उजवीकडे गेल्या. तो डावीकडे बसला, पाटी मांडीवर ठेवली.

बाईंनी आरसा लावला, पट्टा लावला, गिअर टाकला. हे सगळं इतकं सफाईदार होतं, की त्याने पाटीवर पहिल्या चार ओळींत खुणा करून टाकल्या. गाडी शंकूंच्या तोंडाशी आली. बाईंनी डावी रांग नजरेत धरली आणि स्वतःच्या अंगापासून हातभर अंतर ठेवून गाडी आत घातली. अठ्ठावीस वर्षं हेच हातभर अंतर, याच नजरेने.

पहिला शंकू गाडीखाली गेला. पाठोपाठ दुसरा. प्लास्टिक रगडल्याचा आवाज आला. बाईंचा उजवा पाय ब्रेकवर आदळला आणि परीक्षा घेणाऱ्याचं कपाळ काचेपर्यंत जाऊन आलं.

"शंकू बरोबर मांडले नाहीत," बाई म्हणाल्या.

त्याने उतरून ते पुन्हा मांडले. तीन फेऱ्या देण्याचा नियम होता.

दुसऱ्या फेरीत बाईंनी आणखी काळजी घेतली. म्हणजे डाव्या रांगेकडे आणखी निरखून पाहिलं, म्हणजे गाडी आणखी डावीकडे गेली. पाच पडले. उजवीकडच्या रांगेत आणि गाडीत माणूस सायकल घेऊन गेला असता एवढी जागा होती. कुंपणाजवळ उभ्या भाचीला सगळं स्वच्छ दिसत होतं. आत्या स्वतःला अजून डावीकडे बसलेलीच समजत होती. गाडी आपल्या अंगापाशी संपते असं तिला वाटत होतं, आणि आपल्या डावीकडे एक अख्खं माणूस बसलंय, हे ती विसरली होती. भाचीने हाक मारून सांगितलं असतं, तर बहुधा तिसऱ्या फेरीत आत्या सुधारली असती. एवढं डोकं बाईंना होतं. भाचीने तोंड उघडलंही होतं. मग तिला चार कोरे फॉर्म आठवले आणि ते तिने मिटून घेतलं.

तिसऱ्या फेरीत डावीकडचे सातही पडले.

परीक्षा घेणाऱ्याने पेन्सिल पाटीला अडकवली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, किती वर्षांनी चालवताय?"

"मी अठ्ठावीस वर्षं शिकवतेय."

"ते नाही विचारलं मी."

स्टिअरिंगवर बाईंचे हात घड्याळातल्या दहा वाजून दहा मिनिटांच्या जागी होते, पुस्तकात असतात तसे.

"एखाद्या चांगल्या स्कूलमध्ये पंधरा दिवस जा," तो म्हणाला. त्याला टोमणा मारायचा नव्हता. तो सगळ्यांना हेच सांगायचा. "गाडीच्या रुंदीचा अंदाज चुकतोय तुमचा. बाकी सगळं उत्तम आहे."

बाई उतरल्या. त्यांनी पर्स काखेला लावली आणि भाचीला म्हणाल्या, "चल, घरी जाऊ."

"दुसऱ्या चालकाचं नाव आहे फॉर्मवर," तो माणूस पाटी बघत म्हणाला. "त्यांना द्यायची असेल परीक्षा तर देता येईल. दिवस तुमचाच आहे."

"तिला येत नाही," बाई म्हणाल्या. "तिच्या हाताला गाडी नाही."

भाचीने आत्याकडे पाहिलं. "चार वेळा मी तुझ्यासमोर रडत घरी गेले, आत्या," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आज तू थांब थोडी."

ती गाडीत बसली. शंकूंच्या तोंडाशी तिने गाडी थांबवली, ओठ हलवून काहीतरी पुटपुटली आणि मग आत घातली. गाडी सात शंकू या बाजूला आणि सात त्या बाजूला ठेवून पलीकडे गेली. एकही हलला नाही. दुसऱ्या फेरीची गरजच पडली नाही. त्या माणसाने पाटीवर सही केली आणि विचारलं, "शिकलात कुठे? हात फार साफ आहे."

"हिच्याकडे," भाची म्हणाली. "ही डावीकडे बसलीय, हिला घासायचं नाही, एवढंच म्हणते मी मनात."

त्याने बाईंकडे वळून पाहिलं. त्याला वाटलं, हे ऐकून बाईंना बरं वाटेल. बाई शेडच्या पत्र्याकडे बघत होत्या.

लाल गाडी बाहेर काढली गेली. भाची उजवीकडे बसली, तिने डावं दार आतून उघडून धरलं. "ये, आत्या. एवढ्या लांब आलोय."

"तू जा एकटी. सीट रिकामी राहू दे."

"मला नको रिकामी," भाची म्हणाली. "मला तू हवीस तिथे."

हे प्रेमाने म्हटलं की कसं, हे भाचीलाही नंतर नीट सांगता आलं नसतं. बाईंना मात्र त्या पिवळ्या गाडीतली पांढऱ्या केसांची बाई आठवली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांना तिचा राग आला. तसंच उभं राहून पत्र्याच्या कुंपणाआड तीन तास वाट बघणं त्यांना आणखी अवघड होतं. त्या वाकून, कशाबशा आत शिरल्या. सीट खोल होती. गुडघे जवळजवळ हनुवटीला लागत होते. पर्स मांडीवर घेतली, जिथे रोज पट्टी असायची तिथे.

गाडी मैदानाबाहेर पडली. ट्रकांचा रस्ता मागे पडला, गोदामं संपली आणि पुढे रुंद, मोकळा रस्ता लागला. भाचीने वेग घेतला. गाडीचा तो आवाज झाला, नऊ वर्षांपूर्वी मागे राहिला होता तोच. पुढे एक वळण आलं. वळणाच्या अलीकडे बाईंचा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि पायाखालच्या काळ्या गालिच्यावर जोरात दाबला गेला. तिथे काहीच नव्हतं. पाय दाबलेलाच राहिला. पोटरी दगडासारखी ताठ झाली, बोटं बुटात वळली, आणि गाडी तशीच वेगात वळण घेऊन पुढे निघाली.

भाचीने रस्त्यावरची नजर न हलवता ते पाहिलं.

"आत्या," ती म्हणाली, "पाय काढ."

बाईंनी पाय काढला.